आजीची रिक्षा

माणसाने आपल्या लहानपणाच्या गोष्टी मुलांना फार सांगू नयेत. मुले त्या ऐकत नाहीत, हे तर खरेच. पण कधीकाळी ऐकल्याच, तर "मग चला, दाखवा" म्हणतात आणि बापाची पंचाईत होते. माझी झाली तशी.

आमचे बालपण दादरच्या दोन खोल्यांत गेले; पण मला विचाराल तर ते माथेरानात गेले. वर्षातून पाचच दिवस, मे महिन्यात. वडील कारकून. या पाच दिवसांसाठी ते वर्षभर पोस्टात पैसे टाकीत. नेरळला लोकलमधून उतरायचे आणि दोन फुटी रुळांवर उभ्या असलेल्या त्या चिमुकल्या गाडीत शिरायचे. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात ही गाडी डोंगरावर चढवली. सुमारे वीस किलोमीटरला ती दोन तासांहून अधिक घेई. वडील म्हणत, "एवढ्या भाड्यात एवढा वेळ दुसरी कोणती गाडी बसू देते?"

ती गाडी मी मुलांना कबूल करून बसलो. पण २०१६ च्या मे महिन्यात आम्ही बेत केला, आणि त्याच महिन्यात गाडी बंद झाली. २०१८ च्या जानेवारीत ती सुरू झाली, तर आमच्या धाकटीला कांजिण्या आल्या. मग २०१९ च्या पावसात मार्गच खचला. तो दुरुस्त होऊन नेरळहून गाडी पुन्हा वर निघाली ती २०२२ च्या ऑक्टोबरात. तोवर चिरंजिवांना मिसरूड फुटायची चिन्हे दिसू लागली होती आणि डोंगरापेक्षा मोबाईलमध्ये त्यांचे मन अधिक रमत होते.

अखेर २०२३ च्या मे महिन्यात आम्ही निघालो. ऐनवेळी आई म्हणाली, "मीही येते." तिचे वय पंच्याहत्तर, गुडघे त्याहून वडील. पण तिला नको कोण म्हणणार?

गाडीत मी मुलांना एकेक वळण दाखवीत होतो. जुम्मापट्टी आले, वॉटर पाईप आले. मी सांगितले की १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी हा डोंगर इंग्रजांच्या नजरेस आणला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, इथे रेंज नाही." 'वन किस' बोगदा आला तेव्हा धाकटीने नावाचा अर्थ विचारला, सौभाग्यवतींनी तिला तत्परतेने चिक्की दिली. माझ्या माथेरानची मुलांना काही गोडी लागत नव्हती, हे उघड होते. मी मनातून खट्टू झालो.

स्टेशनाबाहेर तांबड्या मातीचा रस्ता तसाच होता. घोडे होते, माकडे होती, आणि मोटारींना बंदी असल्यामुळे माणसांनी ओढायच्या रिक्षाही होत्या. त्या पाहताच माझा चेहरा खुलला. "अरे, हाच आमचा खरा खेळ!" मी मुलांना म्हणालो. "तुमच्या पणजीला रिक्षात बसवायचे. पुढे एक ओढणारा, मागे ढकलणारे, आणि त्यांच्यात तुमचे आजोबा! मग मी आणि तुमची आत्याही ढकलायचो. काय मजा यायची!"

धाकटी त्या रिक्षाकडे पाहतच राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, माणसाला माणूस ओढतो?"

मला उत्तर सुचेना. आई मात्र बोलली.

"खेळ कसला, रे? तुझ्या आजीला दमा. तिला चालवत नसे. आणि त्या लोकांची धाप यांना बघवत नसे. म्हणून हे ढकलायचे. तुम्ही विचारलंत तेव्हा खेळ आहे म्हणाले. रात्री मी त्यांच्या पाठीला तेल लावीत असे."

चाळीस वर्षे मी ज्याला मौज समजत होतो, ती माझ्या वडिलांची लाज होती. आणि ती आमच्या अंगाला लागू नये म्हणून त्यांनी तिचा खेळ केला होता.

इतक्यात एक रिक्षावाला पुढे आला. माझ्याच वयाचा असेल. आईला म्हणाला, "चला आजी, बसा."

"नको रे बाबा," आई म्हणाली. "माझ्यानं नाही बसवायचं."

तो हसला. "असं सगळेच म्हणाले, तर आजी, माझ्या घरी चूल कशी पेटायची?"

यावरही माझ्याजवळ उत्तर नव्हते. आईजवळ होते. तिने आमच्या चारही बॅगा रिक्षात ठेवायला लावल्या, पूर्ण भाडे ठरवले आणि स्वतः काठी टेकीत बाजूने चालू लागली. दहा मिनिटांच्या वाटेला आम्हांला तास लागला. ती दर पन्नास पावलांवर कुठल्यातरी कट्ट्यावर बसे, आणि बसली की वडिलांची एक गोष्ट सांगे. रिक्षावालाही दांडी टेकून ऐकत बसे. चढ आला तेव्हा पाहतो तो चिरंजीव मोबाईल खिशात घालून मागून रिक्षा ढकलीत होते. त्यांना कुणी सांगितले नव्हते.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. खऱ्या रिक्षावाल्यांना ई-रिक्षा मिळाव्यात, असेही सांगितले. धाकटीने ती बातमी आजीला मोठ्याने वाचून दाखवली. वाचून झाल्यावर म्हणाली, "त्या काकांना मिळेल ना गं ई-रिक्षा?"

"मिळायला हवी," आई म्हणाली. "म्हणजे मला एकदा तीत बसता येईल."

मुलांना मी माझे माथेरान दाखवायला नेले होते. त्यांनी मला माझे वडील दाखवले. येत्या मे महिन्यात पुन्हा जायचे, असे ठरले आहे. बेत चिरंजिवांचा आहे.