वॅगनचा हक्क मिळवणारे गाव



गाव कशाने ओस पडते? जिल्ह्याच्या बैठकीत हा प्रश्न निघाला की पहिले उत्तर ठरलेले असते : पावसाने दगा दिला. कोरडवाहू माणसाच्या तोंडी हे उत्तर येणारच. पण ते अपुरे आहे, असे आमचे म्हणणे आहे. ते पटवण्यासाठी यावेळी आम्ही तुम्हाला लांब नेतो. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात, सिंटालुटा नावाच्या गावी.

कृषी महाविद्यालयात आम्हाला प्रेअरीचा धडा होता. सपाट गवताळ प्रदेश, जगाचे गव्हाचे कोठार. एवढे लिहिले की गुण मिळत. तिथली शेतीही कोरडवाहूच आहे, हे कुणी ठसवले नाही. बर्फ धरून वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटर पाणी, हंगाम तीन-साडेतीन महिन्यांचा आणि पीक हाताशी येता येता कडाक्याच्या थंडीची धास्ती. निसर्गाच्या हिशेबात तो शेतकरी आपल्यापेक्षा सुखी नाही.

जमीन मात्र त्याला मिळाली. १८७२ च्या कायद्याने दहा डॉलर फी भरायची, तीन वर्षे राहून जमीन वहितीला आणायची, की १६० एकर नावावर. ही जमीन रिकामी पडलेली नव्हती. १८७४ च्या चौथ्या क्रमांकाच्या कराराने ती तिथल्या मूळ रहिवाशांकडून सरकारने घेतली आणि ते लोक राखीव तुकड्यांवर ढकलले गेले. सिंटालुटा हे नावही मूळ रहिवाशांच्याच भाषेतले. अर्थ लाल कोल्ह्याचे शेपूट. हे विसरून तिथल्या शेतकऱ्याचे गोडवे आम्ही गाणार नाही.

शेजारच्या इंडियन हेड गावी १८८० च्या दशकात सरकारी प्रयोगक्षेत्र निघाले. त्याचे प्रमुख अँगस मॅके यांनी एक पद्धत लोकांच्या गळी उतरवली : एक वर्ष रान पेरायचे नाही, पाळ्या घालून तण मारायचे, ओल जमिनीत साठवायची आणि पुढल्या वर्षी गहू घ्यायचा. (पुढे १९३० च्या दशकातल्या दुष्काळात असलीच उघडी राने वाऱ्याने उडून गेली, हीही त्या पद्धतीची दुसरी बाजू.) पण तोवर गहू पिकू लागला होता. १९०१ साली तर दणकून पिकला. आणि तिथेच गाडी अडली.

अडली म्हणजे खरोखरच अडली. गव्हाला बंदर हजार-बाराशे किलोमीटरवर, सुपीरियर सरोवराच्या काठी. न्यायला एकच आगगाडी, कॅनेडियन पॅसिफिक. स्टेशनाजवळ एलिवेटर, म्हणजे धान्य उचलून साठवण्याची उंच लाकडी कोठारे, ती कंपन्यांची. रेल्वे वॅगन द्यायची ती एलिवेटरवाल्यांना. म्हणजे माप त्यांचे, प्रत ठरवणार ते, कचऱ्यापोटी कट्टी कापणार ते आणि भावही तेच सांगणार. १९०० च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतः फलाटावरून वॅगन भरायची मुभा दिली होती. पण वॅगनच मिळाली नाही तर ती मुभा घेऊन काय करायचे? कापसाची गाडी घेऊन केंद्राबाहेर रात्र काढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

त्या डिसेंबरात इंडियन हेडला शेतकरी जमले आणि धान्य उत्पादकांची संघटना उभी राहिली. पुढारी डब्ल्यू. आर. मदरवेल. तेही कृषी पदवीधर, आणि नांगर धरलेले. संघटनेने कर्जमाफी मागितली नाही, अनुदान मागितले नाही. मागणी एका ओळीची होती : स्टेशनात एक वही ठेवा, ज्याचे नाव आधी त्याला वॅगन आधी, मग तो कंपनीवाला असो की एका गाडीचा धनी. १९०२ साली कायद्यात तशी दुरुस्ती झाली. तरी वॅगनी जुन्याच वाटेने जात राहिल्या. तेव्हा संघटनेने थेट सिंटालुटाच्या स्टेशन एजंटावर फिर्याद केली. खटला गावातच चालला. एजंट दोषी ठरला, त्याला दंड झाला आणि वरच्या कोर्टातही निकाल टिकला. एवढ्याशा गावाने देशातल्या सगळ्यांत बलाढ्य कंपनीला वही पाळायला लावली.

गाव तिथे थांबले नाही. १९०५ साली गावकऱ्यांनी आपल्यातल्या एकाला, ई. ए. पार्ट्रिज यांना, विनिपेगच्या धान्य बाजारात पाठवले : जा, बस, बघ आपल्या गव्हाचा भाव कोण ठरवतो. पार्ट्रिज पूर्वीचे शाळामास्तर. बघून आले आणि म्हणाले, आपलीच कंपनी हवी. १९०६ साली ग्रेन ग्रोअर्स ग्रेन कंपनी निघाली. बाजारात बसण्याची जागा विकत घेण्यासाठी सिंटालुटाच्या काही शेतकऱ्यांनी स्वतः जामीन दिला. नफा ज्याने जितका माल घातला त्या प्रमाणात वाटायचा, असे ठरले. एवढ्यावरून बाजाराने कंपनीला बाहेर काढले. राजकीय दडपण आल्यावर १९०७ साली परत घेतले. ही कंपनी वाढली आणि १९१७ साली दुसऱ्या एका शेतकरी कंपनीशी मिळून युनायटेड ग्रेन ग्रोअर्स झाली. १९२४ साली सस्कॅचेवान व्हीट पूल निघाला. गावोगाव शेतकऱ्यांच्या मालकीची कोठारे उभी राहिली.

आणि आज? २०१६ च्या जनगणनेत सिंटालुटाची वस्ती सव्वाशेच्या आत. गाव मुख्य लोहमार्गावर, म्हणून रूळ राहिले. पण १९९० पासून त्या मार्गावर नेहमीची प्रवासी गाडी नाही. मालगाड्या धडधडत निघून जातात. प्रांतात १९३६ साली एक लाख बेचाळीस हजार शेते होती. २०२१ च्या गणनेत ती चौतीस हजारांवर आली आणि सरासरी शेत साडेसतराशे एकरांच्या वर गेले.

मधल्या काळात काय झाले? यंत्रे मोठी झाली, हे खरे. ट्रक आले, तेव्हा आठ-दहा मैलांवर एक स्टेशन लागेनासे झाले, हेही खरे. १८९७ पासून धान्याच्या रेल्वेभाड्यावर असलेले बंधन १९८३ साली गेले आणि त्या जागी आलेले सरकारी अनुदान १९९५ साली बंद झाले. भाडे शेतकऱ्याच्या अंगावर आले, आडमार्गांचे रूळ उखडले गेले, गावची कोठारे पाडली गेली. पण आम्हाला सर्वांत जास्त डाचते ते पुढचे. युनायटेड ग्रेन ग्रोअर्स आणि व्हीट पूल, शेतकऱ्यांच्या या दोन्ही संस्था १९९० च्या दशकात शेअर बाजारात गेल्या. भांडवल हवे होते. भांडवल आले आणि मालकी गेली. विलीनीकरणे होत होत २००७ साली दोन्ही एका व्हिटेरा नावाखाली आल्या. २०१२ साली ती ग्लेनकोरने घेतली, २०२५ साली ती बंगीत विलीन झाली. सिंटालुटाच्या जामिनावर उभे राहिलेले घर आज जगातल्या बड्या धान्य व्यापाऱ्याच्या ताब्यात आहे. ते कुणी लुटून नेले नाही. सभासद सभेला यायचे कमी झाले, हिशेब तज्ज्ञांवर सोडला आणि एक दिवस रीतसर ठराव होऊन ते विकले गेले.

गव्हाची सरकारी एकाधिकार खरेदीही २०१२ साली उठली. ती उठावी की राहावी यावर तिथल्या शेतकऱ्यांत उभी फूट होती, जशी आपल्याकडे १९७२ साली आलेल्या कापूस एकाधिकारावरून होती. त्या वादात आम्ही आज शिरत नाही. आमचे म्हणणे एवढेच : खरेदीदार सरकार असो की कंपनी, काट्यावर आणि वहीवर शेतकऱ्याचे लक्ष नसेल तर दोघेही सारखेच.

आता आपल्या घरचे बघू. आपल्याकडे गावोगाव शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत. २००२ च्या कायदादुरुस्तीने त्यांना एक कुंपण दिले आहे : सभासद उत्पादकच असेल आणि शेअर बाजारात विकता येणार नाही. सिंटालुटाच्या वारसांनी जे गमावले ते आपल्याला कायद्यानेच राखून दिले आहे. पण कुंपण शेत राखत नाही, राखण करणारा राखतो. दहा संचालक आणि एक सीए मिळून चालवत असतील, सभेची सही घरी येऊन नेली जात असेल, तर ती कंपनी आपली नव्हे. फक्त पाटी आपली.

म्हणून सांगणे एवढेच. येत्या हंगामाआधी आपापल्या कंपनीचा ताळेबंद चावडीवर मोठ्याने वाचून घ्या. काट्याची चिठ्ठी, प्रत आणि कट्टी यांची नोंद ज्या वहीत होते ती वही सभासदाला कधीही बघायला मिळेल, असा ठराव करून घ्या. ज्या गावाने तसा ठराव केला, त्याने त्याची नक्कल पुढच्या जिल्हा बैठकीला आणावी. आम्ही ती सर्वांसमोर वाचून दाखवू.

पाऊस आपल्या हातात नाही. वही आहे.