घर चार बेडरूमचं, दिवस किती तासांचा?

‘मेलबर्नची ऑफर आलीये, घर कुठे बघू?’ हा प्रश्न मी इथे आल्यापासून मला इतक्यांदा विचारला गेलाय, की आता त्यावर एक कॉलम होऊनच जाऊ दे. प्रश्नाच्या पाठोपाठ येणारं वाक्यही ठरलेलं असतं. ‘तिकडे काय, गर्दीच नाही. कुठेही राहा, आरामात ऑफिसला पोचाल!’

इथेच तर गंमत आहे.

आधी थोडे आकडे. २०११च्या जनगणनेत मुंबईत १ कोटी २४ लाख माणसं होती आणि जागा ६०३ चौरस किलोमीटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये वीस हजारांवर डोकी. ग्रेटर मेलबर्नमध्ये २०२१च्या जनगणनेत ४९ लाख माणसं आणि जागा जवळपास १० हजार चौरस किलोमीटर. करा भागाकार. उत्तर येतं साधारण ४९०! विरारच्या लोकलला लटकून आलेल्या माणसाला हा आकडा ऐकूनच मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटतं.

ही सरासरी तशी फसवी आहे. त्या १० हजारांत शेतं, जंगलं आणि डोंगरही धरलेत. उलट सिटी सेंटरच्या उत्तर भागात स्टुडंट्सचे टॉवर्स उभे आहेत, तिथली दाटी मुंबईच्या सरासरीलाही मागे टाकते. बाकी शहर मात्र ऐसपैस पसरलेलं. इथल्या स्वप्नातल्या घराचं माप पिढ्यान् पिढ्या ठरलेलं होतं, पाव एकर. आपल्या भाषेत दहा गुंठे! पुढे लॉन, मागे परसू, मधे बैठं घर. आता प्लॉट आक्रसलेत, पण बैठ्या घराची हौस तशीच आहे. प्रत्येकाने एवढी जागा घेतल्यावर दुकान लांब जातं, शाळा लांब जाते आणि स्टेशन तर त्याहून लांब.

वाहतुकीच्या बाबतीत खरं तर मुंबई आणि मेलबर्न वर्गमित्रच. बोरीबंदर-ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ला. इथली पहिली वाफेची गाडी फ्लिंडर्स स्ट्रीटहून बंदराकडे निघाली १२ सप्टेंबर १८५४ला. ट्रॅमच्या बाबतीत मात्र मेलबर्नने बाजी मारली. सिडनीने १९६१मध्ये आपली जुनी ट्रॅम मोडीत काढली, मुंबईची १९६४मध्ये गेली, मेलबर्नने ठेवली. आज सुमारे २५० किलोमीटरचं ते जाळं जगातलं सगळ्यात मोठं आहे आणि सिटीच्या मधल्या भागात तर ट्रॅम चक्क फुकट! पण ही चैन मुख्यतः जुन्या, आतल्या उपनगरांची. शहराच्या कडेला वसलेल्या नव्या उपनगरांत ट्रॅम पोचतच नाही.

आता खरा मुद्दा. मुंबईत लोकल चुकली तर आपण काय करतो? काहीच नाही. तीन-चार मिनिटांत पुढची येते. ती येते, कारण प्लॅटफॉर्मवर तेवढी माणसं उभी असतात. ज्या गर्दीला आपण रोज शिव्या घालतो, तीच गर्दी आपल्याला दर तीन मिनिटांनी गाडी मिळवून देते. इथे माणसं पांगलेली, म्हणून गाड्याही विरळ. ऑफिसच्या वेळा सोडल्या तर बऱ्याच लाइन्सवर वीस मिनिटांनी ट्रेन. स्टेशनवरून घरापर्यंतची बस आणखी वेगळी. ट्रेन दोन मिनिटं लेट झाली आणि बस निघून गेली, तर स्टेशनाबाहेर तुम्ही एकटे! ना शेअर रिक्षा, ना वडापाव. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये मेट्रो टनेल सुरू झाला. पण तुमचं घर त्या लाइनवर नसेल, तर तुम्हाला काय त्याचं?

आपल्याकडची बरीच मंडळी पश्चिमेकडच्या टार्नीट, पॉइंट कुक, वेरिबी या पट्ट्यात घर घेतात. कारण उघड आहे. सिटीजवळच्या टू-बेडरूम फ्लॅटच्या भाड्यात तिथे चार बेडरूम आणि डबल गॅरेज. वर इंडियन ग्रोसरी आणि देशी शेजार. टार्नीटला स्टेशन झालं २०१५मध्ये, पण तिथे थांबते ती जिलाँगहून येणारी डिझेल गाडी, सकाळच्या वेळी येतानाच भरलेली. त्याच वर्षी आणखी एक बदल झाला. लांबच्या झोनमधून सिटीत येणाऱ्यालाही जवळच्याएवढंच भाडं पडू लागलं. त्यामुळे खिशाला लांब राहण्याचा चटका बसत नाही. बसतो तो घड्याळाला.

माझ्या ओळखीचं एक पुण्याचं जोडपं त्याच भागात राहतं. घर असं, की बघून जाम खूश व्हाल. नवरा सकाळी पावणेसातला निघतो आणि संध्याकाळी सातला परततो. साडेतीन वर्षांची लेक आठला झोपते. बाप-लेकीची भेट दिवसातून तासभर. बायको पुण्यात टीम लीड होती. इथे गाडी चालवायला लागेपर्यंत चार बेडरूममध्ये दिवसभर ती आणि लेक. दुपारी खिडकीतून बघावं तर गल्लीत चिटपाखरू नाही. ‘पुण्यात शेजाऱ्यांचे आवाज नको व्हायचे,’ ती म्हणाली, ‘इथे मी मुद्दाम टीव्ही लावून ठेवते.’

एक साधं गणित करून बघा. जवळच्या घरापेक्षा लांबच्या घराने रोज जाता-येता प्रत्येकी चाळीस मिनिटं जास्त लागली, तर आठवड्याचे पावणेसात तास झाले. वर्षातले ४६ आठवडे धरले तर तीनशेच्या वर. इथला कामाचा आठवडा ३८ तासांचा. म्हणजे वर्षाला तब्बल आठ आठवड्यांचं ऑफिस, तेही बिनपगारी! आणि कायद्याने रजा मिळते ती चार आठवड्यांची.

लांब राहूच नका, असं माझं म्हणणं नाही. ऑफिस हायब्रिड असेल आणि आठवड्यातून दोनच दिवस जायचं असेल, तर मोठं घर नक्की परवडतं. फक्त निवडताना काही फंडे क्लिअर ठेवा. घर स्टेशनपासून किती किलोमीटरवर, हे विचारू नका. किती मिनिटं चालावं लागतं, ते विचारा. दोन गाड्यांमधलं अंतर किती, ते टाइमटेबलमध्ये बघा, तेही संध्याकाळी सातनंतरचं. मूल असेल तर पाळणाघर किती वाजता बंद होतं ते आधी विचारा, बहुतेक ठिकाणी सहा-साडेसहालाच दार लागतं. आणि घरी दोघं असाल तर गाडी चालवणारा एकच नाही ना, याचाही विचार करा. नाहीतर दुसऱ्याची दुनिया कोपऱ्यावरच्या पार्कपाशी संपते.

इथे भाड्याची घरं बहुधा शनिवारी दाखवतात. रस्ते रिकामे, ऊन छान, एजंट हसतमुख. घर आवडलं तर सही करायच्या आधी एक काम करा. मंगळवारी सकाळी सव्वासातला त्याच दारात उभे राहा, तिथून ऑफिसला जाऊन दाखवा आणि संध्याकाळी परत या. त्यानंतरही घर तेवढंच आवडलं, तर बिनधास्त घ्या!