सेवेचे दाम कोण देणार?

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर मी काम करते. तिथे अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीतून दवाखान्यात नेताना सोबत चालते ती आशाताई. सरकारच्या लेखी मात्र ती 'स्वयंसेविका'! २००५ साली आशा योजना आली. २०१३ साली भारतीय श्रम परिषदेने योजनाकर्मींना कामगार मानण्याची शिफारस केली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. कामगाराचा दर्जा अजून नाहीच.

बाईचे काम म्हणजे सेवा, सेवेला दाम कसला? घरातला हा न्याय सरकारने गावभर लावला आहे. मैत्रिणींनो, घरकामाचे मोल आपण मागतोच. आशाताईंच्या किमान वेतनाची आणि निवृत्तिवेतनाची मागणीही प्रत्येक मोर्चात, प्रत्येक निवेदनात असू द्या.