सारणीचे नाव कोणत्या लिपीत?

सीमाभागातील मराठी माणसाला नावाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृत नाव बदलले गेले. फलकावरील अक्षरांसाठी आपण झगडतो. परंतु संस्थेच्या नोंदी क्लाउडवरील डेटाबेसमध्ये ठेवताना सारण्यांना आणि स्तंभांना आपणच मुकाट्याने रोमन नावे देतो. ‘यंत्राला देवनागरी चालत नाही’ हे त्याचे नेहमीचे समर्थन. ते अर्धसत्य आहे.

गूगलच्या बिगक्वेरीत सारणीचे नाव देवनागरीत ठेवता येते, पोस्टग्रेसमध्येही येते. ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबीत सारणीच्या नावाला रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हेच चालतात; मात्र आतील गुणधर्मांची नावे तेथेही देवनागरीत देता येतात. उलट रोमनमध्ये माळ, माल, मळ आणि मल हे चारही शब्द ‘एम-ए-एल’ या तीन अक्षरांत कोंबले जातात. ज्या ‘ळ’चा आपण अभिमान बाळगतो, तो पहिल्याच पायरीवर गळतो.

देवनागरीच्या अडचणीही खऱ्या आहेत. पोस्टग्रेस नावाला ६३ बाइट देते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट घेते. म्हणजे जेमतेम २१ चिन्हे. ‘ज्येष्ठ_नागरिक_निवृत्तिवेतन’ हे नाव तेथे ‘ज्येष्ठ_नागरिक_निवृत्त’ एवढेच उरते आणि अर्थच पालटतो. ‘दऱ्या’ हा शब्द दोन रीतींनी टंकित होतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा ‘र’चा पाय मोडून पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला भिन्न. एका रीतीने ठेवलेले नाव दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडत नाही. ते अदृश्य चिन्ह गळाले, तर दऱ्यांचा ‘दर्या’ होतो.

यावर उपाय लिपी सोडणे हा नव्हे. शिस्त लावणे हा आहे. नावे आखूड असावीत. टंकनाची एकच रीत ठरवावी. जेथे रोमन अटळ आहे, तेथे प्रत्येक नावासमोर त्याचा मराठी अर्थ लिहिलेली सूची त्याच डेटाबेसमध्ये ठेवावी. शासनाकडे मराठी परिपत्रके मागण्याचा आपला हक्क आहेच. पण जेथे नाव ठेवणारे आपणच आहोत, तेथे कोणाकडे अर्ज करावयाचा?