‘सांगाल ते काम करीन’च्या पुढे

लातूर-नांदेडकडच्या कोणत्याही रोजगार मेळाव्यात कंपनीच्या टेबलाशेजारी तासभर बसावे. “स्वतःबद्दल सांगा” म्हटले की मुलगा आपले नाव, वडिलांचे नाव आणि व्यवसाय, गाव, तालुका, घरात माणसे किती, दहावी-बारावीची टक्केवारी असे सांगतो आणि थांबतो. “तुझ्यात चांगलं काय आहे?” याचे उत्तर ठरलेले असते: हार्ड वर्कर, क्विक लर्नर, टीम प्लेयर. मग उठता उठता हात जोडून तो म्हणतो, “सर, सांगाल ते काम करीन.” या शेवटच्या वाक्यात खरी तळमळ असते. पण मुलाखत घेणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. त्याने सकाळपासून हेच वाक्य रांगेतल्या प्रत्येकाकडून ऐकलेले असते.

या अंकाचे वाचक म्हणजे महाविद्यालयांचे टीपीओ, आयटीआयचे निदेशक, कौशल्य केंद्रांचे प्रशिक्षक आणि रोजगार मार्गदर्शक. नव्या हंगामाच्या तयारीत आपल्यापैकी बहुतेकजण पुन्हा रिझ्युमेची कार्यशाळा घेतील, टाय कसा बांधावा आणि हस्तांदोलन कसे करावे ते शिकवतील. यंदा तो वेळ दुसऱ्या कामाला द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

मुलांना स्वतःविषयी बोलता येत नाही, कारण तसे बोलण्याची वेळ आपण त्यांच्यावर कधी येऊच दिली नाही. लातूर विभागीय मंडळाच्या लातूर, नांदेड आणि धाराशिव या तिन्ही जिल्ह्यांत गुणांची शर्यत लहानपणीच सुरू होते. ‘लातूर पॅटर्न’ने इथल्या हजारो घरांना डॉक्टर-इंजिनिअर दिले, त्याचे श्रेय कोणीही नाकारू नये. पण त्या साऱ्या अभ्यासात उत्तर आधीच ठरलेले असते आणि ते चार पर्यायांतून निवडायचे असते. पुढे सरकारी नोकरीची वाट धरली तरी तेच. केंद्र सरकारने कनिष्ठ पदांच्या मुलाखती 1 जानेवारी 2016 पासून बंद केल्या. वशिल्याला आळा घालणारा तो निर्णय योग्यच होता. आपल्या पोलीस भरतीत मैदानाचे 50 आणि लेखीचे 100 गुण असतात; तू कोण आहेस, हे तिथेही कोणी विचारत नाही. मग तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी चाकण किंवा रांजणगावच्या एखाद्या कारखान्यात एचआरसमोर बसल्यावर ते अचानक कसे सुचणार?

घरचे संस्कारही आड येतात. याच मराठवाड्यातल्या जांब गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणे सांगितली. त्यांत आपली स्तुती आपणच करणारा आहे, आणि वाडवडिलांची कीर्ती सांगणाराही आहे. पहिले लक्षण आपल्या मुलांच्या अंगात इतके मुरले आहे की केलेले कामही ती तोंडाने सांगत नाहीत. दुसऱ्याचा मात्र विसर पडला आहे, म्हणून ओळखीची सुरुवात वडिलांपासून होते. शिवाय स्वतःचे वर्णन कागदावर उतरवण्याचा एकच नमुना घरोघरी ठाऊक आहे, तो म्हणजे लग्नाचा बायोडाटा. धर्म, जात, वडिलांची शेती, ‘स्वभाव : मनमिळाऊ’. कॉलेजसमोरच्या नेट कॅफेत नोकरीचा अर्जही त्याच साच्यातून निघतो. जात, धर्म आणि कौटुंबिक माहितीच्या ओळी तिथून आजच काढून टाकायला लावा. मुलाची पारख करताना त्या कोणाच्याही नजरेला पडू नयेत.

माझे म्हणणे असे की, समर्थांचा आक्षेप स्तुतीला आहे, घडलेली हकिगत सांगण्याला नाही. ‘मी जबाबदार आहे’ ही स्तुती झाली. काय केले, कधी केले, अडचण कोणती आली आणि शेवटी काय झाले, ही हकिगत. ती सांगताना संकोचही कमी वाटतो. मुलांना विशेषणे पुरवणे थांबवून त्यांच्याकडून हकिगती काढून घेणे, हेच आपले खरे काम.

औसा तालुक्यातला वायरमन ट्रेडचा एखादा मुलगा समोर आहे असे धरा. “अनुभव?” “काहीच नाही सर.” इथे आपण थांबतो, आणि तिथेच चुकते. पुढे विचारावे: घरी शेती आहे का? मोटार कोण बघतो? तो सांगू लागतो. शेतीपंपाची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला तोच जातो. मोटार उचलत नसेल तर आधी तिन्ही फेज आहेत का ते पाहतो, मग स्टार्टर उघडतो. शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांचे फोनही त्यालाच येतात. मिस्त्री कधी बोलवावा लागतो? “वाइंडिंग जळालं तरच.” आता कागदावर ‘अनुभव नाही’ लिहायचे की ‘तीन वर्षांपासून घरच्या व शेजारच्या मोटारी सांभाळतो, फेज आणि स्टार्टरचे बिघाड स्वतः शोधतो, वाइंडिंगचे काम येत नाही’ असे लिहायचे? काय येत नाही ते सांगणारा शेवटचा तुकडा मुद्दाम ठेवावा. देखभाल विभागाचा माणूस त्यावरूनच बाकीच्यावर विश्वास ठेवील.

मुलींच्या बाबतीत आणखी खोल विचारावे लागते. आई बचत गटाची अध्यक्ष आणि वही लिहिणारी मुलगी, हे आपल्या खेड्यांतले नेहमीचे चित्र. बैठकीची बचत, अंतर्गत कर्ज, बँकेचा हप्ता, शिल्लक जुळवणे हे सारे ती शाळेपासून करते, आणि बी.कॉम. झाल्यावर रिझ्युमेवर फक्त ‘टॅली’ लिहिते. क्रिस्टीन एक्सली आणि जड केसलर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी 2022 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात चाचणीत सारखेच गुण मिळवणाऱ्या स्त्रियांनी पुरुषांपेक्षा स्वतःला कमी लेखले. नेमके गुण सांगितल्यावरही हा फरक मिटला नाही. मुलगी “तसं विशेष काही नाही” म्हणाली, तर ती माहिती समजू नका. वही मागा.

सर्वांत हळहळ वाटते ती भाषांच्या रकान्याची. देगलूर, बिलोली, धर्माबादची मुले बाजारात तेलुगू बोलतात, उदगीर-देवणीकडच्या अनेकांना कन्नड येते, किनवट-माहूर आणि मुखेड-कंधारच्या तांड्यांवर घरी गोरमाटी असते. रिझ्युमेवर मात्र सगळ्यांचे एकच: मराठी, हिंदी, इंग्रजी. शाळेत शिकवली ती भाषा आणि घरी-बाजारात आली ती भाषा नव्हे, असा समज आपण त्यांना दिला. नांदेडहून हैदराबादला रोज रेल्वे जाते. तिथल्या गोदामात, रुग्णालयाच्या काउंटरवर किंवा बियाणे-खतांच्या विक्रीत तेलुगू आणि मराठी दोन्ही बोलणारा माणूस किती मोलाचा, हे मुलाला सांगायला नको का?

मग स्पर्धा परीक्षेची वर्षे. अभ्यासिकेत चार-पाच वर्षे घालवून खासगी नोकरीकडे वळलेली मुले ती वर्षे लपवतात, किंवा एखाद्या खोट्या अनुभव प्रमाणपत्राने झाकतात. या खोट्याला आपल्यापैकी कोणीही हातभार लावू नये. परीक्षा दिली, पूर्व उत्तीर्ण झालो, अंतिम निवड झाली नाही, त्या काळात शिकवण्या घेऊन खोलीचे भाडे काढले, हे सरळ सांगता येते. मुलगा मान खाली घालून सांगणार नाही एवढी तयारी आपण करून घ्यायची.

कंपन्यांना अशा हकिगती ऐकायला वेळ असतो का, असे अनेक टीपीओ विचारतात. चांगली निवड करणाऱ्यांना असतो. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये निवडपद्धतींवरच्या जुन्या संशोधनाची फेरतपासणी केली. प्रत्यक्ष काम कसे होईल याचा अंदाज देण्यात सर्वांना तेच ठरावीक प्रश्न विचारणारी आखीव मुलाखत सर्वांत वरची ठरली. अशा मुलाखतीत ‘असा प्रसंग आला तेव्हा तुम्ही काय केले’ हा प्रश्न हमखास असतो, आणि तिथे पाठ केलेली विशेषणे उपयोगी पडत नाहीत. ‘तुमचा दोष कोणता’ या प्रश्नावर ‘मी लोकांवर पटकन विश्वास ठेवतो’ हे उत्तरही आता शिकवू नका. ‘फोनवर इंग्रजीत अडखळतो, म्हणून आधी मुद्दे लिहून घेतो’ हे त्याहून शंभरपट बरे, अर्थात ते खरे असेल तर.

हे काढून घ्यायला मुलाला आधी त्याच्याच बोलीत बोलू द्यावे. ‘करायलो’, ‘जायलो’ म्हणत तो मोकळा झाला की हकिगत पूर्ण येते. इंग्रजीचे नंतर पाहता येते. एका मार्गदर्शकाकडे शेकडो मुले असतात, ही अडचण खरीच आहे. त्यावर उपाय म्हणून मुलांच्या जोड्या लावाव्यात. एकाने विचारावे, दुसऱ्याने सांगावे, पहिल्याने ते लिहून वर्गात वाचावे. आपल्याविषयी दुसऱ्याने लिहिलेले ऐकताना मुलांचे चेहरे बदलतात.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतल्या मुलांकडे तर विशेष लक्ष हवे. शिक्षणानुसार महिना 6,000, 8,000 किंवा 10,000 रुपये विद्यावेतन घेत त्यांनी प्रत्यक्ष कार्यालयांत काम केले आहे. ‘प्रशिक्षण पूर्ण केले’ एवढ्या प्रमाणपत्रातून त्यातले काहीच कळत नाही. दर शनिवारी पाच ओळींची नोंद ठेवायला सांगा: कोणते काम आले, कोणाला विचारावे लागले, काय अडले. मुदत संपताना हाच त्यांचा रिझ्युमे होईल. शिकाऊ उमेदवारांनाही ही सवय लावता येईल.

अशा जोड्यांच्या तासांतून निघालेल्या हकिगती, मुलांची नावे आणि गावे काढून, आमच्याकडे पाठवा. कोणता प्रश्न विचारल्यावर मूल बोलते झाले, तेही लिहा. पुढच्या अंकापासून त्यासाठी दोन पाने राखून ठेवत आहोत.