जेथे पडायलाही वेळ लागतो

संगणकावरील खेळांत रमलेली मुले पाहिली की वडीलधाऱ्यांना वेळेचा अपव्यय दिसतो, आणि पुष्कळदा तो असतोही. तथापि एका खेळाचा अपवाद आवर्जून सांगावासा वाटतो. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हे त्याचे नाव. मेक्सिकोतील स्क्वाड या कंपनीने तो २०११ साली प्रथम लोकांपुढे आणला. यान स्वतः जुळवून एका काल्पनिक सूर्यमालेत न्यावयाचे, असा हा खेळ.

त्या मालेत ईव्ह नावाच्या जांभळ्या ग्रहाभोवती गिली हा उपग्रह फिरतो. त्रिज्या अवघी १३ किलोमीटर. रूप बटाट्यासारखे ओबडधोबड. ही काही कल्पकाची लहर नव्हे. मोठ्या गोलाचे वजनच त्याला चहूबाजूंनी आत दाबून वाटोळे करते. लहान पिंडाचे वजन खडकाच्या कठीणपणापुढे हरते. १८७७ साली आसाफ हॉल यांनी शोधलेले मंगळाचे फोबोस व डीमॉस हे उपग्रह याच कारणाने वेडेवाकडे राहिले आहेत.

गिलीचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे दोनशेवा भाग. येथे अर्धा मीटर उडी मारणारा मुलगा तेवढ्याच जोराने तेथे शंभर मीटर उंच जाईल, आणि परत जमिनीवर यावयास त्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागेल. साहजिकच नवख्याला वाटते, येथे उतरणे सर्वांत सोपे. प्रत्यक्षात वेग थोडा जरी उरला, तरी यान टेकते न टेकते तोच चेंडूसारखे उसळते. आदळण्याचे भय नाही, टिकण्याचीच पंचाईत!

खऱ्या अंतराळातही हेच घडले आहे. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी युरोपचे फिली यान ६७पी या धूमकेतूवर उतरले. त्याला जखडून ठेवणारे भाले सुटलेच नाहीत. यान उसळले आणि सुमारे दोन तासांनी एका कड्याच्या सावलीत विसावले. तेथे पुरेसे ऊन न मिळाल्याने तीन दिवसांच्या आतच त्याची बॅटरी संपली.

वस्तुमान आणि वजन यांतील भेद आम्ही शिक्षक फळ्यावर लिहून देतो. मुले तो पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. गिलीवर मात्र तो डोळ्यांनी दिसतो. यानाचे वजन जवळजवळ नाहीसे होते, वस्तुमान तसूभरही घटत नाही. म्हणून वेग आधीच आवरावा लागतो. आपल्या घरी हा खेळ चालत असेल, तर ‘बंद कर’ म्हणण्यापूर्वी ‘यान का उसळले?’ एवढे मुलाला विचारून पाहावे. उत्तर त्याच्या शब्दांत आले, तर तो धडा पुन्हा शिकवावा लागणार नाही.