चंगळ कोणाची, उपदेश कोणाला?

'चंगळवाद' हा शब्द परिवर्तनवादी चळवळीच्या लिखाणात गेली अनेक वर्षे सर्रास वापरला जात आहे. धनिकांच्या बेछूट उपभोगावर नेमके बोट ठेवण्यासाठी तो उपयोगी पडला. परंतु शस्त्र हाती आले की ते प्रत्यक्षात कोणावर चालवले जात आहे, याचा हिशेब अधूनमधून घ्यावा लागतो. तो आज घेतला तर एक विपरीत गोष्ट आढळते. हा शब्द कारखानदाराच्या बंगल्यापाशी जितका उच्चारला जातो, त्याहून अधिक तो शेतमजुराच्या दारात ऐकू येतो.

इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकीचे उदाहरण घ्यावे. पानमळ्यांचे आणि डाळिंबाच्या बागांचे हे गाव. अशा गावात मजुरीला जाणारी एखादी स्त्री सण नसताना नवा ड्रेस घेते, वर्षातून एखाद्या रविवारी मुलांना घेऊन एस.टी.ने फिरायला जाते, मुलाच्या वाढदिवसाला कुकरच्या तळाशी मीठ पसरून त्यात केक भाजते. एवढ्यावरून 'आता खेड्यातही चंगळवाद शिरला, मजुरांना पैसा पुरत नाही तो या थेरांमुळे' असा निर्णय दिला जातो. मजुरी वाढवून द्यायची नसलेल्या बागाईतदाराने तो द्यावा, यात नवल नाही. पण हाच निर्णय साधेपणाच्या भाषेत चळवळीच्या व्यासपीठावरून ऐकू येऊ लागला, की त्याचा प्रतिवाद करणे भाग पडते.

हा आरोप नवा नाही, आणि त्याचा इतिहास याच मातीत घडलेला आहे. मुंबई इलाख्यातील रयतवारी पाहणीचा आरंभ इंदापूर तालुक्यात झाला. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीची मोजणी व प्रतवारी करून १८३६ पासून तीस वर्षांच्या मुदतीची आकारणी येथे लागू केली. मुदत संपताच, १८६७ साली, वाढीव साऱ्याची फेरआकारणीही इंदापूरपासूनच सुरू झाली. त्याआधी दोनच वर्षे अमेरिकेतील यादवी युद्ध संपले होते. कापसाचे भाव कोसळले आणि सावकारांनी हात आखडता घेतला. अखेर १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे रयतेने सावकारांना घेरून त्यांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. कुणबी कर्जात का बुडतो, या प्रश्नाला त्या काळीही एक सोपे उत्तर तयार होते: तो लग्नकार्यात आणि सणावारात उधळपट्टी करतो म्हणून! या दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या आयोगाने मात्र हे उत्तर स्वीकारले नाही. कर्जाचे कारण म्हणून लग्नकार्याच्या खर्चाला अवास्तव महत्त्व दिले गेले आहे, असे प्रसंग क्वचितच येतात, आणि वर्षानुवर्षांची बेरीज केली तरी रयतेच्या स्थितीतील माणसाने कौटुंबिक व सामाजिक सुखासाठी जेवढे खर्चावे त्याहून ही रक्कम बहुधा अधिक भरत नाही, असा त्या अहवालाचा आशय आहे. परकीय सत्तेच्या आयोगाला जे दिसले, ते दीडशे वर्षांनंतर समाजवादी म्हणवणाऱ्यांना दिसू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

या उपदेशामागे वर्गाइतकीच जातही उभी आहे. कोणी काय नेसावे, कोणी काय खावे, याचे नियम या देशात शतकानुशतके वरच्यांनी खालच्यांसाठी केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या भाषणग्रंथात त्याचे दाखले नोंदवले आहेत. इंदूरकडील बलाई समाजाला जरीकाठी पागोटी व रंगीत काठांची धोतरे वापरू नयेत आणि त्यांच्या स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, असे सवर्णांनी १९२८ साली फर्मावले होते. जयपूर संस्थानातील चकवाडा येथे तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य गृहस्थाने जेवण घातले, त्यात तूप वाढले, आणि एवढ्याच कारणावरून जेवणाऱ्यांवर लाठ्या चालल्या. कपडा, प्रवास आणि घरचे गोडधोड या तीनही गोष्टी या दोन घटनांत आल्या. आज ज्याला 'थेरे' म्हटले जाते, त्याच्यासाठी कालपर्यंत डोकी फुटत होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना जातीची खूण पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने टाकून देण्यास सांगितले, आणि स्त्रियांनी ते तत्काळ अमलात आणले. पोशाख हा तेथे समतेचा जाहीरनामा होता. त्या स्त्रियांच्या नातींनी आणि पणतींनी आवडीचा रंग निवडला, तर चळवळीने नाक मुरडण्याचे कारण काय?

आता अर्थशास्त्राकडे वळावे. आवश्यक वस्तू आणि चैनीची वस्तू यांतील रेषा निसर्गाने आखलेली नाही. अॅडम स्मिथने १७७६ सालीच लिहून ठेवले, की तागाचा सदरा जगण्यासाठी अपरिहार्य नसला, तरी ज्या समाजात तो नसल्यास मजुराला चारचौघांत यायला लाज वाटते, तेथे तो आवश्यक वस्तूच होय. भांडवलशाहीच्या आद्य भाष्यकाराने मजुराला दिलेला हा सन्मान समाजवाद्यांनी नाकारावा काय?

ज्याला चैन म्हणून हिणवले जाते, तिच्यावर कोणाचे पोट चालते, हेही पाहावे. नागवेलीचे पान खाऊन कोणाची भूक भागत नाही. तो जेवणानंतरचा विडा आहे, पाहुण्याचा मान आहे, मंगलकार्याची शोभा आहे. म्हणजे शुद्ध हौस आहे. तरीही याच पानावर निमगाव केतकीचे नाव पंचक्रोशीबाहेर गेले. शेवगा-शेवरीच्या आधाराने चढणारा वेल जपणारे, पाने खुडणारे, मोजून बांधणारे हात मजुरांचेच आहेत. डाळिंबाची गोष्ट वेगळी नाही. उसाची साखर आणि गोठ्यातले दूध हा इंदापूर-बारामतीचा संसार आहे, आणि केकमध्ये मैद्याखेरीज पडते तेही मुख्यतः हेच. साऱ्या देशाने हौस टाकून दिली, तर पहिली उपासमार या गावांतील मजुरांची होईल. एकाची हौस ही दुसऱ्याची मजुरी असते. मग दुसऱ्यांची हौस ज्यांच्या श्रमातून पुरवली जाते, त्यांनीच तेवढे निर्हौशी राहावे, हा न्याय कोणता?

आकडे काय सांगतात? २०२३-२४ च्या सरकारी कौटुंबिक उपभोग पाहणीनुसार ग्रामीण भारतात दरडोई मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये होता आणि त्यातील सुमारे ४७ टक्के अन्नावर गेला. उरलेल्या जेमतेम २,२०० रुपयांत कपडालत्ता, औषधपाणी, शिक्षण, इंधन, प्रवास सगळे आले. ही सरासरी मोठ्या बागाईतदाराला धरून काढलेली आहे. भूमिहीनाचे घर तिच्याही खाली असते. त्या घरातील केकमुळे देशाची बचत बुडते, असे मानणाऱ्याने आपले गणित तपासावे.

करांचे गणित तर अधिक बोलके आहे. वस्तू व सेवा कर २०१७ साली आल्यापासून २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत बेकरीतील केकवर १८ टक्के कर होता आणि सोन्यावर ३ टक्के. आता केकवरील दर ५ टक्के झाला, म्हणजे तो अजूनही सोन्याहून चढाच आहे. याच देशाने १९८५ साली वारसा संपत्तीवरील कर रद्द केला, २०१५ साली संपत्ती कर रद्द केला आणि २०१९ साली कंपन्यांच्या नफ्यावरील मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर येण्याची वाट मोकळी केली. चंगळ शोधायचीच असेल, तर ती या यादीत शोधावी.

पैशाइतकाच महत्त्वाचा प्रश्न वेळेचा आहे. रविवारची सुटी कोणी दान म्हणून दिलेली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली सुमारे दहा हजार गिरणी कामगारांची सभा झाली आणि तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. फ्रान्समध्ये १९३६ साली लेआँ ब्लुम यांच्या आघाडी सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा दिली आणि सवलतीची रेल्वे तिकिटेही काढली. कित्येक कामगार कुटुंबांनी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. त्यांना त्या देशातील समाजवाद्यांनी चंगळवादी म्हटले नाही. आपल्या लढ्याचे फळ म्हटले.

आणि येथे? १९४८ च्या किमान वेतन कायद्याने शेतमजुरालाही सात दिवसांत एक विश्रांतीचा दिवस कागदावर दिला होता. तो कायदा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेत सामावला गेला आहे. बांधावर मात्र खाडा म्हणजे बुडालेली मजुरी, हाच कायदा चालतो. उजनीच्या फुगवट्यावर, याच इंदापूर तालुक्यातील भिगवण-कुंभारगाव परिसरात, हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यासाठी शहरांतून शनिवार-रविवारी मोटारी येतात. ते यावेत, त्यात गैर काही नाही. परंतु शहराचा रविवार हा तेथील नावाड्याचा सर्वांत कष्टाचा दिवस असतो, आणि तालुक्यातल्याच मजूर स्त्रीला ते पक्षी पाहायचे तर एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. तुकोबांची पालखी निमगाव केतकीला मुक्कामी येते, तेव्हा वारकऱ्यांच्या पायपिटीचे सर्वांना कौतुक असते, आणि ते योग्यच आहे. वारी ही कष्टकऱ्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली जुनी सुटी आहे. मात्र १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे झाले आणि त्या देवदर्शनाखेरीजही घराबाहेर पडू लागल्या, तेव्हा 'बायका उगाच हिंडू लागल्या' अशी कुरकुर सुरू झाली. भक्तीसाठी घेतलेली सवड चालते, केवळ आनंदासाठी घेतलेली चालत नाही. ही ढोंगी वाटणी प्रथम मोडली पाहिजे.

घराच्या आतील हिशेब कार्यकर्त्यांच्याही अंगाशी येणारा आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात. या कामांना जे पुरुष हात लावतात, त्यांची ८८. हौसेचा केक भाजते तीच, आणि नंतर कुकर घासतेही तीच. तिच्या हौसेवर टीका करण्यापूर्वी टीकाकाराने तो कुकर घासला आहे काय?

या साऱ्यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. बाजार गरजा निर्माण करतो, जाहिरात मनावर ताबा मिळवते आणि हप्त्यावर घेतलेली हौस कर्जाचा फास होते, असा तो आक्षेप आहे. तो खरा आहे. परंतु दोष कोठे आहे हे नीट पाहावे. एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म वित्त संस्थांच्या व्याजदरावरील कमाल मर्यादा काढून घेतली. वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत रक्कम कर्जाच्या हप्त्यांत जाऊ देण्यास हेच धोरण मुभा देते. ज्या घरात निम्मा पैसा अन्नावर जातो, तेथे उरलेला निम्मा हप्त्यावर गेला, तर राहिले काय? ही व्यवस्था तशीच ठेवून कर्जदार बाईला काटकसर शिकवणे म्हणजे १८७५ चा सावकार सोडून कुणब्याला झोडपणे होय. आपल्या कमाईतून, आपल्या मर्जीने आणि आपल्या माणसांसोबत केलेली हौस वेगळी. तुंबड्या भरण्यासाठी गळ्यात बांधलेला हप्ता वेगळा. कार्यकर्त्याने दुसऱ्याशी लढावे आणि पहिलीचे रक्षण करावे.

साधेपणाची परंपरा मोलाची आहे, पण तिचा अर्थ विसरता कामा नये. साने गुरुजींचा त्याग स्वतःचा होता. दुसऱ्याच्या ताटातील पदार्थ कमी करण्याला त्याग म्हणत नाहीत. १९६३ साली लोकसभेत डॉ. राममनोहर लोहियांनी देशातील २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे ठणकावले आणि त्याच्यासमोर पंतप्रधानांवरील रोजचा खर्च ठेवला. त्यांच्या टीकेचा रोख वरच्या दिशेने होता. तीन आण्यांतील अर्धा आणा विडीकाडीवर का खर्चता, असे त्यांनी गरिबांना विचारले नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी गाणी, नाच आणि वग घेऊन गावोगाव फिरताना आनंद हा क्रांतीचा शत्रू मानला नव्हता.

तेव्हा तालुक्यातालुक्यांतील शिबिरांतून चंगळवादावरील बौद्धिक देणे थांबवावे, आणि त्याच्या जागी काही मागण्या घ्याव्यात. शेतमजुराला आठवड्यातून एक पगारी सुटी आणि ती न देणाऱ्याविरुद्ध तक्रार करण्याची तालुक्याच्या ठिकाणी सोय. सूक्ष्म वित्ताच्या व्याजाला मर्यादा. वारसा आणि मोठ्या संपत्तीवर पुन्हा कर. गावात सार्वजनिक बाग, वाचनालय आणि नाट्यगृह, म्हणजे आनंदासाठी प्रत्येक वेळी खिशात हात घालावा लागणार नाही. ही यादी घेऊन निमगाव केतकीच्या पानमळ्यात गेलेल्या कार्यकर्त्याचे ऐकायला मजूर स्त्रिया थांबतील. काटकसरीचे प्रवचन त्यांना नको आहे. ते त्यांना रोजच, मालकाकडून, फुकट मिळते.